जिभेवर पहारा

"नीट बघ. पेपर तपासतेस तसं. उगाच पास करू नकोस."

आई मागच्या ओट्यावर बसली होती. उजवा पाय तिनं स्टुलावर लांब केला होता आणि मी खाली पाटावर बसून तिचा तळवा बघत होते. दिवाळीची सुट्टी लागली होती, शनिवार होता, ओट्यावर कोवळं ऊन आलं होतं.

"कडा?"

"गुलाबी."

"मधे?"

"लाल. जरा ओलं आहे."

"काळं कुठं दिसतंय?"

"नाही."

"वास?"

"स्पिरिटचाच येतोय."

"माझं नाक धड असतं तर तुला विचारलं असतं का! लाव ती पट्टी. घट्ट नको. मुडद्याचा अंगठा बांधल्यासारखी बांधतेस."

माझी आई छत्तीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. हिवाळे सिस्टर म्हटलं की आमच्या गावात आणि आसपासच्या वाड्यांवर पुढचं काही सांगावं लागत नसे. तिथल्या निम्म्या नर्स तिच्या हाताखाली शिकल्या होत्या. वॉर्डातल्या फिनेलानं नाक कधीच गेलं होतं; आमटी करपली तरी तिला कळत नसे. निवृत्त झाल्यावर साखर निघाली. तळपाय बधिर झाले. मग डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, आणि साखर उतरल्याशिवाय डोळ्यांचे डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. नव्या चपलेचा खिळा अंगठ्याच्या बुडाशी रुतला तो तिला दोन दिवस कळलाच नाही. जखम ज्वारीच्या दाण्याएवढी होती. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, कड काळी दिसली तर त्याच दिवशी या. दुसऱ्या दिवशी आलात तर बोट जाईल, चौथ्या दिवशी आलात तर पाय. त्यानंतरचं ते काही बोलले नव्हते. आईला ते ठाऊकच होतं.

म्हणून रोज सकाळी मी तळवा बघायचा आणि तिला सांगायचं, असं ठरलं होतं. इन्शुलिनही मी भरून देई, ती टोचून घेई.

पट्टी बांधून होते तोच पारधे पाळक आले. आमच्या मिशन कंपाउंडातल्या जुन्या देवळाचे, म्हणजे चर्चचे, पाळक. दर शनिवारी रक्तदाब बघून घ्यायला येत.

"सलाम, सिस्टर."

"सलाम, पाळकसाहेब. लोणचं खाल्लंत ना पुन्हा?"

"महिला मंडळानं बरणी पाठवली, बाई. प्रेमानं दिलेलं नाकारायचं कसं?"

"प्रेमानं दिलेलं कपाटात ठेवता येतं."

आईनं त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, कानाला नळी लावली. ठोका ऐकू आला की ती "आता" म्हणे आणि मी पाऱ्याचा आकडा वाचत असे.

"आता."

"एकशे बासष्ट."

"खरं सांगतेस ना? यांच्या बाजूनं नाही ना बोलत?"

"अहो, ही कशाला माझ्या बाजूनं बोलेल?" पाळकसाहेब म्हणाले. "ही आमची राहिली कुठं? काय एस्तेर, उद्या देवळात दिसणार का हॉलवर?"

"हॉलवर."

"तिथं पंखे जास्त आहेत," आई म्हणाली.

"पंखे जास्त आणि वाराही जास्त," असं म्हणून ते हसले. आईही हसली. मी हसले नाही. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही मेथी निवडली, भाकरी खाल्ली, आणि झोपण्याआधी आईनं तिचं आवडतं गीत पहिलं कडवं विसरून दुसऱ्यापासून म्हटलं. एवढंच.

हॉल म्हणजे बसस्टँडमागचं मंगल कार्यालय. लग्नं नसली की रविवारी तिथं संगती, म्हणजे प्रार्थनासभा, भरे. तीनशे माणसं येत. ब्रदर नथानिएल बोलत. त्या वेळी ते पस्तिशीचे असतील. ते ओरडत नसत, घाम पुसत नसत, उड्या मारत नसत. मी शाळेत मराठी शिकवते, शब्दांवर माझा जीव आहे, आणि मला त्यांचं बोलणं आवडे. नेमकं, स्वच्छ. माझा नवरा दिनकर दोन वर्षांपूर्वी कावीळ होऊन मोठ्या दवाखान्यात गेला होता. सगळे उपचार झाले, सगळ्या तपासण्या झाल्या, आणि तो गेला. त्यानंतर आमच्या देवळात पाळकसाहेब म्हणाले, "का झालं ते मला कळत नाही, एस्तेर." ज्याला ते कळतं असा माणूस मला हवा होता. ब्रदरांना कळत होतं.

ते औषध बंद करा असं कधीच म्हणत नसत. ते एवढंच म्हणत की तोंडानं आजार कबूल केला की आजाराला घर मिळतं. बरं होण्याची वाट बघू नका, आधी साक्ष द्या. देह मागून येतो. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "प्रभूनं आंधळ्याच्या डोळ्यांना चिखल लावला होता. लावला, धुवायला पाठवलं. नुसतं तोंडानं नाही केलं त्यानं. आणि त्या आंधळ्याला दिसायला लागल्यावर मग तो बोलला."

त्या रविवारी सकाळी आईची पट्टी उरकून मी हॉलवर लवकर गेले. ब्रदर खुर्च्या लावत होते. मला बघून थांबले.

"ताई, चेहरा असा का?"

"आईसाठी प्रार्थना हवी होती. पायाची जखम आहे."

त्यांनी खुर्ची पुढं केली. स्वतः उभेच राहिले.

"एक विचारू? यजमानांच्या शेवटच्या दिवसांत तुम्ही काय बोलला होतात?"

"म्हणजे?"

"आठवून बघा."

मला आठवत होतंच. "'आता हे वाचत नाहीत,' असं म्हणाले होते. नणंदेला. फोनवर."

"आणि त्यानंतर किती दिवसांनी...?"

"दोन."

ते अगदी हळू म्हणाले, "मी दोष देत नाही, ताई. तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. पण आता माहीत झालंय. आईच्या वेळी काय बोलणार?"

गीतं झाली. साक्षीची वेळ आली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माइक माझ्या हातात आला. मी उभी राहिले आणि म्हणाले की माझ्या आईचा पाय बरा झाला आहे, जखम भरली आहे, प्रभूची स्तुती असो. तीनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या कंपाउंडातली लीलाबाई उजागरे दुसऱ्या रांगेत रडत होती. दिनकर गेल्यापासून इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

माइक परत घेताना ब्रदर कानाशी म्हणाले, "आता जिभेवर पहारा ठेवा. एक शब्द उलटा गेला, की मिळालेलं परत जातं."

सोमवारी सकाळी आईनं पाय स्टुलावर ठेवला.

"काय म्हणतोय?"

"भरत आलाय."

"एवढ्यात? कडा?"

"गुलाबी."

"बरं आहे बाई."

दुपारी लीलाबाई लाडू घेऊन आली. "सिस्टर, पाय बरा झाला म्हणे! काय सुंदर साक्ष दिली हो एस्तेरनं. अंगावर काटा आला."

आईनं लाडू घेतला. लीलाबाई जाईपर्यंत तिच्या सुनेची चौकशी केली, नातवाच्या खोकल्याला अडुळसा सांगितला. मग मला हाक मारली.

"एस्तू, साक्ष म्हणजे काय गं?"

"आई, आता नको."

"कोर्टात विचारतात ना, तुम्ही काय पाहिलं? पाहिलं ते सांगायचं. त्याला साक्ष म्हणतात."

"विश्वासानंही पाहता येतं."

"तळवा विश्वासानं बघतात होय? डोळ्यांनी बघ गं बाई." मग तिनं विचारलं, "सकाळी खरंच गुलाबी होतं?"

"हो."

"मग ठीक आहे. मग बोल तुला काय बोलायचं ते."

विषय तिनं तिथंच मिटवला. ब्रदरांवर तिचा विश्वास नव्हता. हॉलवर नव्हता. माझ्यावर होता.

मंगळवारी तिनं विचारलं, मी सांगितलं. बुधवारी विचारलं, सांगितलं. पट्टी मी अंगणाच्या टोकाला नेऊन जाळत असे.

गुरुवारी ती म्हणाली, "हात लावून बघ. पाऊल गरम आहे का?"

"नाही. गार आहे."

"मला आपलं जड वाटतंय. शनिवारी डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?"

"भरत आलेल्या पायाला डॉक्टर काय करणार?"

"तेही खरंच," ती म्हणाली.

शुक्रवारी तिला थंडी वाजून आली. दोन चादरी अंगावर घेऊन ती आपल्याच मनगटावर बोटं ठेवून पडली होती. ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना करतेय. ती नाडी मोजत होती.

"एकशे दहा," ती म्हणाली. "मलेरिया असेल. गावात आहे सध्या." मग डोळे न उघडता, "पायाचं काही नाही ना?"

"नाही."

मी पोस्टाजवळच्या टेलिफोन बूथवर गेले आणि ब्रदरांना फोन लावला. ते म्हणाले, "लक्षणं खोटी असतात, ताई. देह सगळ्यांत शेवटी ऐकतो. तुम्ही काही बोलला नाहीत ना?"

"नाही. एक शब्द नाही."

"शाबास."

मला बरं वाटलं. अडतीस वर्षांची बाई, तीन कपाटं भरून पुस्तकं वाचलेली, आणि शाबास म्हटल्यावर मला पहिला नंबर आल्यासारखं बरं वाटलं. घरी येताना मी मोसंबी घेतली.

शनिवारी पाळकसाहेब एका लग्नासाठी बाहेरगावी होते. ते रविवारी उपासना उरकून आले, दुपारी बाराच्या सुमाराला. मी ताप चढलेल्या आईला सोडून हॉलवर गेले नव्हते. ते दारातच थांबले. नाकाला रुमाल लावला.

"एस्तेर, घरात काही मेलंय का? माळ्यावर उंदीर वगैरे?"

आतल्या खोलीत आई पलंगावर होती. तिनं ते ऐकलं. तिचा चेहरा मला दारातून दिसत होता. ती छताकडे बघत होती, आणि तिच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली. एखादी अडलेली बेरीज सुटावी तशी.

"पाळकसाहेब," तिनं हाक मारली. आवाज वॉर्डातला होता. "उंदीर नाही. माझा पाय आहे. रिक्षा बोलवा."

"सिस्टर?"

"मी लपवून ठेवला. एस्तूला बघू दिला नाही. हयगय झाली माझी. आता बोलत बसू नका, जा."

"अहो, तुम्ही? साऱ्या गावाला तुम्ही..."

"झालं खरं तसं. जा म्हणते ना!"

ते धावत गेले. म्हाताऱ्या माणसाची चप्पल फरशीवर वाजत गेली ती मला अजून ऐकू येते. घरात आम्ही दोघीच राहिलो. मी पलंगाशी गेले. तिनं चादर गुडघ्यापर्यंत वर सरकवली.

"आता कुणी नाही. सांग. काय रंग आहे?"

पट्टी तिनं स्वतःच ओढून काढली होती. घोट्यापर्यंत काय होतं ते सांगायला मला शब्द शोधावे लागले नसते. तिनंच शिकवले होते ते. माझं तोंड उघडलं, आणि मला वाटलं, एक शब्द. आत्ता एक शब्द उलटा गेला तर ही मरेल.

"गुलाबी," मी म्हणाले.

आईनं डोळे मिटले. "बरं," ती म्हणाली. मग माझा हात चाचपून धरला आणि रिक्षा येईपर्यंत सोडला नाही.

नगरला नेलं. साखर चारशेच्या वर होती. त्याच रात्री गुडघ्याखाली पाय काढला. तरुण डॉक्टर चिडले होते. "हे आठ दिवसांचं आहे. घरात कुणी बघत नव्हतं?" आई ग्लानीत होती, पण तेवढं तिला ऐकू आलं. "मीच बघत होते," ती म्हणाली. "मला दिसत नाही नीट." बुधवारी पहाटे ती गेली.

प्रेतापाशी पाळकसाहेबांनी संदेश दिला. साऱ्या गावाच्या जखमा धुणारी ही बाई, स्वतःच्या जखमेकडे बघायला तिला सवड झाली नाही, असं ते म्हणाले, आणि सगळे रडले. ब्रदर नथानिएलही आले होते. मातीला जाताना माझ्या शेजारून चालत म्हणाले, "कुणीतरी शंका घेतली असणार, ताई. बाहेरच्यांनी नव्हे, घरात." मी पुढचे कित्येक महिने शोधत होते की पहारा कुठं ढिला पडला. झोपेत काही बोलले का? मनात तरी म्हणाले का? आई मेल्याचं दुःख करायला मला उसंत नव्हती. मी चूक शोधत होते, आणि भलत्याच ठिकाणी.

हॉल सुटला तो पाच महिन्यांनी. एक बाई मांडीवर वर्षाची मुलगी घेऊन माझ्या शेजारी बसली होती. साक्षीची वेळ झाली तशी ती उठली, मुलीला खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, माझ्या लेकीचा ताप उतरला. टाळ्या झाल्या. ती खाली बसली तेव्हा मुलीचा पाय माझ्या दंडाला लागला. चटका बसला. मी कपाळाला हात लावला.

"बाई, हिला ताप आहे," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पोरीच्या तोंडात विष घातलं. तिला छातीशी धरून ती चार रांगा पुढं जाऊन बसली. मी उठले आणि बाहेर पडले. त्या मुलीचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही.

मी आमच्या देवळात परत गेले. कुणी काही विचारलं नाही. पाळकसाहेबांनी बाकावर सरकून जागा दिली आणि गीताचा आकडा दाखवला. मी नंतर पुष्कळ वाचलं. शास्त्र पहिल्यापासून वाचलं, त्यावरचे जुने-नवे अर्थ वाचले. ब्रदर कुठं चुकत होते ते मी आज वचनागणिक दाखवू शकते. विश्वास म्हणजे काय, यावर महिला मंडळात तीन वेळा बोलले आहे. बायका म्हणतात, एस्तेरबाई किती सोपं करून सांगतात. त्याचा आईला काही उपयोग नाही.

ब्रदर पुढं मोठ्या शहरात गेले. तिथला हॉल मोठा आहे म्हणतात. आईची गोष्ट मात्र इथं राहिली. नर्सिंगच्या पोरींना पहिल्या वर्षी ती सांगतात. एकदा बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावरच्या दोघी बोलत होत्या. "आपल्या मॅडम काय म्हणाल्या? हिवाळे सिस्टरसारखं करू नका. दुसऱ्याच्या जखमा धुताना स्वतःचा पाय सडवला तिनं." "इतकी शिकलेली आणि असं?" "अगं, असतात अशी माणसं." मी माझा थांबा येण्याआधीच उतरले.

एकोणीस वर्षं झाली. आमच्या देवळात आता तरुण पाळक आहेत. जुन्या देवळात माइक आला, पडदा आला, आणि उपासनेत साक्षीची वेळही आली. हॉलवर जाणारी पोरं परत यावीत म्हणून. गेल्या रविवारी रुग्णांसाठी खास उपासना होती. मागच्या दोन बाकांवर नर्सिंगच्या मुली पांढऱ्या कपड्यांत बसल्या होत्या. पारधे पाळकांना खुर्चीवरून आणलं होतं. ते आता नव्वदीला टेकलेत. त्यांना माइक दिला. मुलींकडे तोंड करून ते आईबद्दल बोलले. प्रेमानंच बोलले. "तिच्यासारखी सेवा करा, लेकींनो," ते म्हणाले, "पण तिच्यासारखी हयगय करू नका." मुली ते वहीत लिहून घेत होत्या.

मी उठले. पाळकसाहेबांना आनंद झाला. "एस्तेर बोलणार आहे," ते शेजारच्याला म्हणाले, "तिची लेक." तरुण पाळकांनी माइक हातात देताना घड्याळाकडे बोट केलं. "ताई, थोडक्यात."

"मला साक्ष द्यायची आहे," मी म्हणाले, आणि मागून कुणीतरी सवयीनं "हालेलूया" म्हणालं.

"माझ्या आईनं पाय लपवला नव्हता. तिला तळवा दिसत नव्हता, म्हणून मी बघत होते. ज्या रविवारी मी हॉलवर उभी राहून जखम भरली म्हणाले, त्याच रविवारी सकाळी, हॉलवर जायच्या आधी, मला कड काळी दिसली होती. तिला मी गुलाबी सांगितलं. पुढचा आठवडाभर रोज तेच सांगितलं. पाळकसाहेब, तुम्ही रिक्षा आणायला गेलात तेव्हाही सांगितलं. ती तुमच्याशी खोटं बोलली ते माझ्यासाठी. मुलींनो, तुम्ही लिहिलंय ते खोडा. तिनं हयगय केली नाही. ती रोज सकाळी विचारत होती."